तिवड्याजवळची जागा

जिथे बैलगाडीची वाट संपते आणि डोंगराची पायवाट सुरू होते, अगदी तिथे एक गाव होतं. गाव लहान, पण गावाचं खळं मोठं. घरोघरी वेगळं खळं करायची तिथे पद्धत नव्हती. सगळ्या गावाची ज्वारी एकाच खळ्यावर यायची, तिथेच तिची मळणी व्हायची आणि तिथूनच दाणे घरोघर जायचे.

खळ्याची जमीन घट्ट हवी, नाहीतर दाणे मातीत जातात. इतर गावं ती ठोकून ठोकून घट्ट करतात. या गावाचा रिवाज निराळा होता. इथे खळं नाचून घट्ट करायचे. कापणी संपली की पुरुषमंडळी तांबडी माती आणून पसरायची, तिच्यावर पाणी शिंपडायची आणि कडेला बसून हलगी वाजवायची. मग गावातल्या सगळ्या बायका अनवाणी खळ्यात उतरायच्या आणि दिवस मावळेपर्यंत नाचायच्या. माती सुकली, वरून शेणाने सारवलं, की खळं तयार. वर्षभराची भाकरी या नाचावर होती, म्हणून आजारी बाईसुद्धा चार पावलं टाकून मगच घरी जायची.

कुणी कसं नाचावं याला काही नियम नव्हता. तेलीण घाण्याभोवती फिरून फिरून गोलच नाचायची. धनगरीण लांब ढांगा टाकायची, वाटेत कुणी आलं तर तिचं नशीब. पाटलीण एका जागी उभी राहून नुसती डुलायची आणि त्याला नाच म्हणायची, आणि ती पाटलीण असल्यामुळे बाकीचेही म्हणायचे. ज्या बाईचं जे काम, ते तिच्या पायांत उतरलेलं असायचं.

जागा मात्र ठरलेल्या होत्या. सासू जिथे नाचली तिथे सुनेने नाचायचं. या जागा सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असतील तर त्या थोरल्या आजीला. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई ती. डोळ्यांत फूल पडलेलं, दिसायचं धूसर, पण कान तिखट. खळ्याच्या कडेला एका दगडावर बसून ती नाच ऐकायची.

या गावात एक कुंभारीण होती, गवरा नावाची. दिवसभर माती तुडवायचं तिचं काम. टाचेने दाबत, एकेक पाऊल सरकवत, कडेपासून मधोमध जायचं आणि परत कडेला यायचं. तिचा नाचही तसाच होता. टाच उचलायची आणि धप्पकन खाली. धप्प, धप्प, धप्प. ती खळ्यात उतरली की बायका हसून ओरडायच्या, "आली गं बाई कुंभारीण! तिवडा सांभाळा!"

तिवडा म्हणजे खळ्याच्या मधोमध रोवलेला खांब. मळणीच्या वेळी बैल त्यालाच बांधतात आणि ते त्याच्याभोवती फिरतात. कुंभारणीची जागा त्या तिवड्याला अगदी चिकटून होती. तिच्या सासूचीही तीच होती. आणि नेमकं हेच कुंभारणीला खुपायचं. तिला वाटायचं, मला मुद्दाम खांबाआड ठेवलंय. माझा नाच झाकायला. चारचौघांना दाखवण्यासारखा नाही म्हणून.

दाखवण्यासारखा कुणाचा होता, तर माळणीचा.

माळीण सगुणा. कुंभारणीच्या घरापलीकडेच तिचा मळा होता. रोपांच्या वाफ्यांतून चालून चालून तिची पावलं हलकी झाली होती. ती नुसत्या चवड्यांवर नाचायची. एक पाय टेकला न टेकला तोच दुसरा पुढे. पायातली जोडवी बारीक वाजायची. तिची जागा खळ्याच्या कडेला होती, बसणाऱ्या लोकांच्या अगदी समोर. ती फिरत फिरत आली की हलगीवाला मान डोलवायचा, म्हातारे चिलीम ओढायची विसरायचे आणि लहान पोरी उठून तिच्यामागे पाय उचलायला लागायच्या.

कुंभारीण तिवड्यामागून हे सगळं बघायची, आणि तिच्या मनात आग भडकायची.

गंमत म्हणजे दोघी मैत्रिणी होत्या. माळणीच्या मळ्यातली रोपं कुंभारणीने केलेल्या कुंड्यांत वाढायची आणि माळीण दर नाचाच्या दिवशी कुंभारणीसाठी झेंडूची वेणी घेऊन यायची. "गवरे, बस इकडं, माळते," म्हणून स्वतःच्या हाताने माळायची. कुंभारीण बसायची. केसांत वेणी आणि मनात एकच विचार: हिला काय जातंय वेण्या माळायला? बघणार तर सगळे हिलाच आहेत.

हा हेवा काही एका दिवसात वाढला नाही. आधी तो नाचापुरता होता. मग माळणीचं काहीही बघवेनासं झालं. तिच्या मळ्याला पाणी आलं तरी त्रास, तिच्या सुनेला मुलगा झाला तरी त्रास. बाजारात कुणी म्हटलं, "काय नाचते हो तुमची माळीण!" की कुंभारीण हसायची, हो म्हणायची, आणि घरी येऊन भांडी आपटायची. कुंभाराच्या घरात भांडी आपटणं परवडत नाही, पण हेवा करणाऱ्याला हिशेब कुठे सुचतो?

एका वर्षी कापणी जवळ आली तेव्हा कुंभारणीने मनाशी ठरवलं, यंदा मी माळणीसारखी नाचणार. भट्टीमागे कुणी येत नसे. तिथे जाऊन ती चवड्यांवर उभी राहायला शिकू लागली. खापरीच्या तुकड्याने टाचा घासून घासून गुळगुळीत केल्या. चुलत जावेकडून बारीक जोडवी मागून आणली. दोन पावलं टाकायची, तोल जायचा, भट्टीला हात टेकायची, पुन्हा दोन पावलं.

एकदा कुंभाराने पाहिलं. घाबरून म्हणाला, "पायात काटा मोडला का काय?"

"नाचतीय मी," ती फणकारली.

"असं व्हय," कुंभार म्हणाला. "नाच, नाच. पर माती तेवढी टाचंनंच तुडीव. परवाची मडकी भट्टीत उकलली. माती कच्ची ऱ्हायली होती."

तिने ते ऐकून सोडून दिलं.

पण शिकून शिकून तिला एक गोष्ट कळली. माळणीसारखं नाचता आलं तरी माळीण समोर असेपर्यंत आपल्याकडे कोण बघणार? आणि जागा? कडेची जागा माळणीची. ती सोडेल तेव्हा ना! या विचाराने तिला झोप लागेना. आणि एके दिवशी नदीवर दोघी धुणं धुवत असताना तिच्या तोंडून ते वाक्य निघालं. निघालं म्हणायचं आपण. खरं तर कित्येक दिवस जिभेवर घोळून तयार झालं होतं.

"सगुणे, एक सांगू का? तुझ्या भल्यासाठी सांगते. राग मानू नगंस."

"सांग की."

"तू नाचतीस ना, तवा बाया पदराआड हसत्यात. पाय पोळल्यावानी नाचतीया म्हणत्यात. या वयात शोभतं का, म्हणत्यात."

माळणीचा हात दगडावरच थांबला. "कोण म्हणतं असं?"

"नावं कशाला घ्यायची? सगळ्याच म्हणत्यात. तुझ्या तोंडावर कोण बोलणार? मला राहवलं न्हाई म्हणून सांगितलं. मी तुझी मैतरीण."

माळणीने पाण्यात स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तिने पायांकडे असं कधी पाहिलंच नव्हतं. मग लुगडं थोडं खाली ओढून तिने पाय झाकले, आणि धुणं अर्धवट पिळून ती घरी गेली.

कुंभारणीला क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच. पुढच्या क्षणी तिला कडेची मोकळी जागा दिसू लागली.

नाचाचा दिवस आला. माती पसरली, पाणी पडलं, हलगी तापली. माळीण आली ती सगळ्यांच्या मागून. झेंडूची वेणी मात्र आणली होती. ती कुंभारणीच्या हातात देत हळूच म्हणाली, "गवरे, आज तिवड्यापाशी मी नाचते. खांबाआड. कडंला तू जा, म्हणजे जागा रिकामी दिसायची न्हाई."

"बघ बाई, तुझी मर्जी," वेणी केसांत खोवत कुंभारीण म्हणाली. आणि इतक्या वर्षांनी तिची इच्छा अशी सहज तिच्या ओंजळीत पडली.

हलगी सुरू झाली. कुंभारीण कडेला उभी राहिली, चवड्यांवर. समोर सगळा गाव. ती नाचू लागली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. याच पाहण्यासाठी तिने खापरीने टाचा सोलून घेतल्या होत्या. पण आता ते डोळे अंगावर आल्यावर तिला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. ती मनात पावलं मोजू लागली. मोजताना हलगीचा ठेका चुकला. ठेका धरायला गेली तर तोल गेला. ओल्या मातीच्या कडेवर पाय घसरून ती जवळजवळ हलगीवाल्याच्या मांडीवर बसली. कुणी मोठ्याने हसलं नाही. लोकांनी नुसतं बघितलं, आणि बघून झाल्यावर माना वळवल्या. जो तो माळीण कुठे आहे ते शोधू लागला.

माळीण तिवड्यामागे होती. अंग चोरून, पदर डोक्यावरून खाली ओढून, ती जागच्या जागी पाय उचलत होती. दर दोन पावलांनी ती मान वळवून बघायची, कुणी हसतंय का.

थोरली आजी दगडावर बसून ऐकत होती. थोड्या वेळाने ती शेजारणीला म्हणाली, "काय गं, कुंभारीण आली न्हाई का औंदा? तिचा पाय ऐकू येईना. तिच्याबिगर खळं कसं सुनं सुनं वाटतंय बघ."

कुंभारीण त्या वेळी आजीच्या पुढ्यातच नाचत होती. हातभर अंतरावर. तिने तो शब्दन् शब्द ऐकला. आपण इथे नाही, असं आपल्यासमोरच कुणी म्हणावं, हे तिला चपराकीसारखं लागलं. पण नाच थांबवून 'मी आहे, मी आलेय' असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

खळं सुकलं, सारवलं. वरून बघायला छान दिसत होतं. कणसांच्या राशी आल्या. बैल एका ओळीत तिवड्याला बांधले आणि त्यांची पात गोल फिरू लागली. पहिले काही फेरे ठीक गेले. मग तिवड्याजवळचा बैल थबकला. पुढे जाईना. हाकललं तर त्याचा खूर खच्चकन आत गेला. सारवण फुटलं, खालून ओली माती वर आली. बैलाने घाबरून हिसडा दिला आणि तिवडा कलंडला. बघता बघता मधलं खळं उखणलं आणि कणसं चिखलात गेली. कडेलाही काही धड नव्हतं. कुंभारणीचा तोल जिथे जिथे गेला होता, तिथे तिथे कड ढासळली होती आणि दाणे बाहेर सांडत होते.

वर आभाळ भरून येऊ लागलं होतं. गावाची सगळी ज्वारी उघड्यावर पडली होती. ती भिजली तर वर्षभर खायचं काय, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"मधे कोण नाचलं होतं?" पाटलाने विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माळीण पुढे आली. "मी होते. माझंच पाय कुचकामी. माफ करा मला."

"तुझी जागा कडंची! मधे कशाला कडमडलीस?" कुणीतरी ओरडलं. "एवढं लोकांनी डोक्यावर घेतलं, म्हणून असं वागायचं व्हय?" दुसरं कुणी म्हणालं. "नाचणारीण! गावाच्या तोंडातला घास घालवला!" काल-परवापर्यंत जी तोंडं तिचं कौतुक करत होती, तीच आता तिच्यावर तुटून पडली.

माळीण खाली मान घालून ऐकत राहिली. नदीवर आपल्याला कुणी काय सांगितलं, याचा तिने अवाक्षरही उच्चार केला नाही. मैत्रिणीचं नाव घ्यायचं तिच्या मनातही आलं नसावं.

आणि कुंभारीण? तिने इतकी वर्षं जे मागितलं होतं ते तिच्यासमोर घडत होतं. माळणीकडे सगळे बघत होते, पण कौतुकाने नाही. तिची मान खाली गेली होती. आता तरी आपल्याला बरं वाटायला हवं, असं कुंभारणीला वाटलं. तिने बरं वाटायची वाट पाहिली. ते काही आलं नाही. उलट मनातली ती जुनी आग आता तिलाच चटके देऊ लागली. गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. माळीण सांगणार नव्हती, हे तर उघडच होतं. घरी जाऊन दार लावून घेतलं की झालं.

तिचे पाय घराकडे वळलेही. पण केसांतली माळणीची वेणी सुकून मानेला टोचत होती. इतके दिवस ती काढायची राहूनच गेली होती.

"तिला बोलू नगा," कुंभारीण म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की कुणाला ऐकूच गेला नाही. मग ती ओरडली, "तिला बोलू नगा! म्या केलंय हे!"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाया हसत्यात असं म्या तिला सांगितलं. कुणीबी हसत न्हवतं. खोटं बोलले. तिची जागा मला पायजे होती."

"का गं?" आजीने विचारलं.

"मला तिचं बघवत न्हवतं," कुंभारीण म्हणाली, आणि हे सोपं वाक्य बोलताना तिला जेवढे कष्ट पडले तेवढे आयुष्यभर माती तुडवताना पडले नव्हते. "तुमी सगळ्यांनी तिला पुढं ठेवलं आणि मला खांबाआड लपवलं. माझा नाच वंगाळ म्हणून."

आजी म्हणाली, "खांबाआड? येडी का काय तू? अगं, बैल वळत्यात कुठं? तिवड्यापाशी. भुईला मार बसतो कुठं? तिवड्यापाशी. तिथं टाच पायजे. म्हणून तर तुझ्या सासूला तिथं ठेवलं, तिच्या सासूला ठेवलं. आणि कडंला टाच पडली तर कड मोडती, म्हणून तिथं माळणीचा चवडा. तुला कुणी सांगितलं न्हाई?"

"न्हाई. मला वाटलं, तुमी हसता मला. 'तिवडा सांभाळा' म्हणून."

यावर मात्र दोघी-तिघी खरंच हसल्या. तेलीण म्हणाली, "अगं, ते लाडानं म्हणतो आमी! तू आलीस की बरं वाटतं, खळ्यात कायतरी चाललंय असं वाटतं."

"बोलत काय बसलाय?" आजी दगडावरून उठली. "आभाळ बघा. कणसं कडब्याखाली झाका, तिवडा सरळ करा, माती आणा. आणि कुंभारणी, तू उतर. एकटी उतर. आधी मधलं घट्ट होऊ दे."

भर दुपारी, सगळ्या गावासमोर, एकटीने नाचायचं. मत्सरापायी जे तिने मागितलं होतं ते हेच, पण असं नव्हे. तिच्या मनात काय होतं ते आता सगळ्यांना कळलं होतं, आणि आता पायही दाखवायचे होते. तिने ती मागून आणलेली जोडवी काढून कडेला ठेवली. ओल्या मातीत उतरली. पहिली टाच उचलली.

धप्प.

हलगीवाल्याने हलगी उचलली. धप्प, धप्प. खापरीने सोललेल्या टाचा झोंबत होत्या. हाताचं काय करावं हे तिला कळत नव्हतं, मग ते विसरूनच गेलं. तिवड्याभोवती तिने एक फेरा घेतला, मग दुसरा जरा बाहेरून. माती तुडवताना जशी ती सरकायची, तशीच सरकत गेली. घाम आला, पदर सुटला, तो तिने खोचला. दिसायला तो नाच सुंदर होता असं मी म्हणणार नाही. पण पायाखालची जमीन बदलत होती, तिचा आवाज चिखलाचा होता तो हळूहळू भुईचा व्हायला लागला. आजी म्हणाली, "हां. आता आली कुंभारीण."

मधलं झालं. राहिली कड. सगळ्यांनी माळणीकडे पाहिलं.

माळीण जागची हलेना. कुंभारीण मातीच्या पायांनी तिच्यापाशी गेली. "सगुणे, चल. मला मार हवं तर, पर चल."

"मला न्हाई जमायचं," माळीण म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, राग मात्र नव्हता. "सगळी बघत्यात."

"बघत्यात ते आवडतं म्हणून. म्या खोटं सांगितलं होतं गं, खोटं!"

"तू खोटं बोललीस ते मला कळलं," माळीण म्हणाली. "पर पायांना कसं कळवू?"

कुंभारणीने केसांतली ती सुकलेली वेणी काढली आणि माळणीच्या केसांत माळली. आजवर माळीणच तिला माळत आली होती. मग ती परत तिवड्यापाशी गेली आणि एकटीच पुन्हा नाचू लागली, टाच उचलून, धप्प धप्प, जेणेकरून बघणाऱ्यांना बघायला दुसरं काहीतरी असावं. बऱ्याच वेळाने कडेला बारीक जोडवी वाजली. कुंभारणीने मान वळवून पाहिलं नाही. मग तेलीण उतरली, धनगरीण उतरली, पाटलीण येऊन डुलू लागली.

आभाळ दाटून राहिलं, पण पडलं नाही. माती लवकर सुकेना तेव्हा कुंभाराने भट्टीतली गरम राख आणून खळ्यावर पसरली. मळणी कशीबशी उरकली आणि रास घरोघर पोचली. मग पाऊस आला. चिखलात गेलेली ज्वारी धुऊन घेतली, पण माती पुरती निघाली नाही. त्या वर्षी गावातल्या प्रत्येक भाकरीत कचकच लागायची. लोक चार-दोन दिवस कुरकुरले, मग सवय झाली. कुंभारीण मात्र प्रत्येक घासाला थांबायची आणि मुकाट्याने गिळायची.

पुढच्या वर्षी पुन्हा खळं सजलं. कुंभारीण आपणहून तिवड्यापाशी जाऊन उभी राहिली. "आली गं बाई कुंभारीण!" म्हणून बायका ओरडल्या तेव्हा ती हसली. माळीण कडेला नाचली. तशीच हलकी, तशीच देखणी. म्हातारे चिलीम विसरले, पोरी मागे लागल्या.

फक्त एक फरक पडला होता. लोकांच्या अगदी समोर आली की माळणीचं पाऊल एका जागी थबकायचं. डोळे भोवतीच्या बायकांच्या पदरांवरून फिरायचे. मग ती पुढे जायची. एवढंसं थबकणं. बघणाऱ्यांना वाटलं, ही नवी लकब आहे. पोरींनाही ती फार आवडली. त्याही तिथे येऊन थबकायला लागल्या. आज त्या गावात गेलात तर सगळ्या लेकीसुना त्या जागी पाऊल रोखतात, आणि हा आमच्या गावचा खास ठेका, असं अभिमानाने सांगतात.

तो ठेका कुठून आला हे एकट्या कुंभारणीला माहीत होतं. वर्षं गेली, माळणीने तिला कधी दूषण दिलं नाही, वेणी आणायचीही थांबली नाही. पण ते थबकणं गेलं नाही. म्हणून माळीण त्या जागी आली की तिवड्यापाशी कुंभारीण सगळा जीव एकवटून टाच खाली आणायची. धप्प! त्या आवाजासरशी लोकांच्या माना मधल्या बाजूला वळायच्या, आणि तेवढ्यात माळणीचं पाऊल सुटायचं. पोरींना वाटायचं, हाही ठेक्याचाच भाग. कुंभारीण जिवंत असेपर्यंत तिने एकही वर्ष ती टाच चुकवली नाही.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: दुसऱ्याच्या पायांचा हेवा करणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि हेव्यापोटी बोललेलं खोटं एका दमात कबूल करता येतं, पण ते ज्याच्या पायांत शिरलं त्याला ते जन्मभर सोबत घेऊन नाचावं लागतं.